तिसऱ्या घरातली पेटी

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमत नव्हतं. जोडाक्षर आलं की हात थांबतो. ही वही माझ्या मुलीची आहे, अर्धी कोरी राहिलेली. ती कोणाला दाखवायची नाही असं मी ठरवलं आहे. तरी कोणाच्या हाताला लागलीच तर चुकांना हसावं, पण मजकूर खरा आहे एवढं धरून चालावं. बोलायला गेलं की माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. अजूनही दुकानात माझ्यामागून आलेला माणूस माझ्याआधी सामान घेऊन जातो. म्हणून लिहिते आहे.

मी एका घरी स्वयंपाकाला जाते. सकाळी दहाला जायचं, दुपारी एकला परत यायचं. घर माझ्या वाडीपासून पंधरा मिनिटांवर, शेताच्या बांधावरून चालत. त्या घरात दोनच माणसं. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी सगळं आयुष्य बोटीवर काढलं, आणि त्यांची मुलगी. मुलगी पुण्यात वाढली, तिथेच कॉम्प्युटरचं शिकली, आणि आई गेल्यावर वडिलांजवळ राहायला इथे आली. काम घरात बसूनच करते. मी तिला बाय म्हणते. ती मला काकी म्हणते, आणि तिचं बघून म्हातारेही मला काकीच म्हणतात. मी त्यांना आबा म्हणते.

बायचं काम काय ते मी दोन वर्षं विचारलं नव्हतं. एकदा मी आमटीसाठी खोबऱ्याचं वाटप काढत होते तेव्हा तिनेच सांगितलं. ती म्हणाली, "काकी, समज तुझ्या वाडीत तीन घरं आहेत. तांदूळ एका घरात, मीठ दुसऱ्यात, कोकम तिसऱ्यात. पण जेवण करणाऱ्या बाईला असं वाटलं पाहिजे की सगळं आपल्याच फळीवर आहे. हात लांब केला की मिळालं. कुठल्या घरातून आलं ते तिला कळूसुद्धा नये. आणि एक घर बंद असलं तरी तिचं जेवण अडता कामा नये."

मी म्हटलं, "म्हणजे सगळ्यांनी सगळां थोडां थोडां ठेवचां."

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगदी तसंच करतात."

असा एक प्रोग्रॅम आधीपासून होता, तो तिने केलेला नव्हता. पण तो एकाच प्रकारच्या कॉम्प्युटरवर चालायचा. कॉम्प्युटरच्या आत सगळ्यांना जागा देणारी, कामं वाटून देणारी एक घरमालकीण असते म्हणे. ती घरमालकीण निरनिराळ्या प्रकारची असते. त्यातली एक कोणाच्या मालकीची नाही. ती फुकट मिळते, तिच्या पोटात काय आहे ते कोणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं. हा प्रोग्रॅम त्या घरमालकिणीच्या हाताखाली चालवून दाखवायचा, हे बायचं काम. परदेशातल्या काही लोकांनी तिला ते दिलं होतं आणि कामाचा एकेक टप्पा झाला की ते पैसे पाठवायचे. बाय म्हणायची, नवीन सून घरात आल्यासारखं आहे. ती माहेरच्या नावाने वस्तू मागते, आणि सासरच्यांना कळतच नाही काय मागते आहे. मी एकेक शब्द समजावत बसते.

ते मला चांगलं समजलं. आमच्या घरात मी पहिले सहा महिने काही मागितलंच नव्हतं.

गणपती गेल्यावर बायने तीन लहान पेट्या आणल्या. जेवणाच्या डब्याएवढ्या, काळ्या. एक तिच्या घरी ठेवली, एक बाजारात तिच्या मावसभावाच्या दुकानाच्या माळ्यावर, आणि तिसरी माझ्या घरी. तिला तीन खरी, लांब लांब घरं हवी होती. माझी पेटी आमच्या माजघरात, मिक्सरच्या बाजूला बसवली. पाठीत सिमकार्डाची एक काडी खोचलेली, आणि शेजारी एक बॅटरी, लाईट गेली तरी पेटी चालू राहावी म्हणून. बाय म्हणाली, "काकी, ही दिवसरात्र चालू राहिली पाहिजे. तुला दुसरं काही करायचं नाही. जागेचे आणि लाईटचे मी महिना हजार रुपये देईन."

मी मान हलवली. माझी मुलगी कुडाळला नर्सिंग शिकते, तिच्या खानावळीला ते हजार बरोबर पुरणार होते. माझा नवरा गोव्याच्या बंदरात एका बोटीवर कामाला आहे, महिन्यातून दोनदा घरी येतो. तेव्हा कामाची वेळ सोडली तर घरात मी एकटीच, बाजारहाटही कामाला जाता-येता उरकते.

आता चूक कुठे झाली ते लिहिते.

आमच्या घराच्या माळ्यावर पेंढा, शेणी आणि सुकलेल्या झावळ्या असतात. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी आमच्या पाठीमागचं घर जळलं. माणसं लग्नाला गेली होती, वायर तापली, माळ्यावर पेंढा होता. माझ्या सासूबाईंनी त्या दिवशी मला हात धरून मीटरजवळ नेलं आणि सांगितलं, घराबाहेर पाऊल टाकायच्या आधी मेन खाली. तेव्हापासून मी घर सोडताना तुळशीला नमस्कार करते, मेन खाली ओढते आणि कुलूप लावते. हे मी विचार करून करत नाही. आमच्या वाडीत सगळ्याच बाया करतात. फ्रीजसुद्धा तसाच बंद राहतो, दोन-तीन तासांत त्याला काही होत नाही.

पेटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेन खाली केला, तर ती बॅटरी ओरडायला लागली. टी टी टी टी. रिकाम्या घरात कोण ऐकणार, आणि शेजारची म्हातारी म्हणेल काय झालं. म्हणून मी बॅटरीचंही बटण दाबलं. आवाज थांबला, आणि पेटीवरचा हिरवा दिवाही गेला. एकला परत आले तेव्हा दोन्ही चालू केलं. दिवा लागला. मला वाटलं, झालं. दिवसरात्र म्हणजे आपण घरात असताना, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. घर बंद आणि लाईट चालू, हे माझ्या कल्पनेतच येत नव्हतं.

म्हणजे मी दहा ते एक ज्या घरात चूल सांभाळत होते, त्या घरातली मुलगी त्याच तीन तासांत कपाळाला हात लावून बसत होती. आणि ते मला अडीच-तीन महिने कळलं नाही.

मी ऐकत होते. "बाबा, परत मेली." "खंयची गो?" "तिसरी." मला वाटायचं, तिसरी म्हणजे तिच्या कामातलं काहीतरी. माझ्या घरात आहे ती तिसरी, हे मी कधी जोडलंच नाही. बायला वाटत होतं की तिचाच प्रोग्रॅम पेटीला मारतो. कारण जड काम ती सकाळीच लावायची आणि पेटी सकाळीच मरायची. रविवारी ती काम करत नसे आणि मीही जात नसे, तेव्हा रविवारी पेटी मरत नसे. तिचा हिशेब तिच्या बाजूने अगदी बरोबर होता.

तिने पेटीत काहीतरी बसवलं होतं. मरताना पेटीने शेवटचं काय केलं ते लिहून ठेवायचं. पेटी काहीच लिहायची नाही. बाय म्हणायची, "नुसती जाते. एक अक्षर नाही मागे." मग तिने तिच्या घरची पेटी माझ्याकडे आणून ठेवली आणि माझी तिच्याकडे नेली. तर माझ्याकडे नवीन आलेली मरायला लागली, आणि जुनी तिच्याकडे ठणठणीत.

एक सकाळ. मी विळीवर बसून नारळ खवत होते. आबा दारात बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होते. बाय चहाचा कप घेऊन आत आली आणि चुलीजवळ उभी राहून वडिलांना सांगायला लागली.

"बाबा, घड्याळ लावल्यासारखी जाते. दहाला दहा-पंधरा मिनिटं कमी असताना जाते, एक-सव्वाएकला आपली आपण उठते."

आबा म्हणाले, "तुझी पेटी कामाक जाता गो. आमच्या काकीसारखी."

"काय पण बाबा!"

"अगो खरांच. काकी हयसर येता तेव्हा ती जाता, काकी घराक जाता तेव्हा ती येता. दोघी सवती आसत, एकमेकींचा तोंड बघणत नाय."

बाय हसली. मीही हसले. हसता हसता माझा हात थांबला. नारळाची कवड विळीच्या दात्यांवर तशीच राहिली. सगळं एकदम समजलं. तुळस, मेन, बटण, कुलूप, एकामागून एक.

बाय अजून हसतच होती, पण तिच्या मनात काहीतरी आलं. ती आत गेली, तिची वही घेऊन आली. वहीत तिने कारणांची यादी केली होती, एकाखाली एक. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, लाईट.

"काकी, एक विचारू? घरातून निघताना तू मेन बंद करत नाहीस ना?"

आबा माझ्याकडे बघत होते. बाय पेन धरून उभी होती. मला होय म्हणायचं होतं. पण होय म्हटलं तर पुढे किती बोलावं लागलं असतं! कधीपासून, का, बॅटरीचं काय, मग पैसे कसले घेत होतीस. त्या महिन्याचे हजार आदल्याच दिवशी खानावळीला गेले होते.

मी म्हटलं, "नाय गो बाय. मी कित्याक बंद करतंय?"

एवढं भरभर मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

तिने मान डोलावली आणि माझ्यासमोर त्या ओळीवर काट मारली. "काकी म्हणते म्हणजे नाही," एवढं म्हणून ती आत गेली. मी उरलेला नारळ खवला. त्यात माझ्या बोटाचं सालटं गेलं ते मला वाटप वाटताना मीठ लागलं तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मेन वर ठेवून घराबाहेर पडले. बांधावरून तीनदा मागे वळून बघितलं, धूर दिसतो का. कोळंबीचं सार करताना माझं सगळं लक्ष त्या दिशेला होतं. अकरा वाजले, बारा वाजले. साडेबाराला बाय खोलीतून ओरडत बाहेर आली.

"जगली! बाबा, जगली! काकी, आज मेली नाही!"

झालं असं होतं की आदल्या संध्याकाळी तिने प्रोग्रॅममध्ये एक बदल केला होता. लाईट नाही, पेटी नाही, मग राहिलं काय, तर माझ्या घरचा सिमकार्डाचा सावकाश चालणारा रस्ता. म्हणून तिने प्रोग्रॅमला सांगितलं, काहीही लिहायच्या आधी थांब, तिन्ही घरांना विचार, तिघांचा होकार आला की मगच लिही. आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी पेटी जगली. तिला वाटलं, ह्या थांबण्यानेच.

"काकी, शिरवाळे कर गो," ती म्हणाली. "बाबांना पण आवडतात."

मी शिरवाळे केले. तांदळाच्या पिठाची उकड काढली, साच्यातून दाबले, नारळाचा गोड रस केला. दोन तासांचं काम आहे ते. आबांनी तीनदा घेतले. बायने माझ्यासाठी वाडग्यात काढून दिले. मी म्हटलं घरी नेते. घरी नेले आणि गाईला घातले.

तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. फक्त एका दिवसाचं खोटं होतं. पण ती इतकी आनंदात होती, आणि मी मनाला सांगितलं, आता पेटी चालूच राहणार, मेन मी बंद करणार नाही, मग कोणाचं काय नुकसान? तिने ते थांबण्याचं कलम परदेशच्या लोकांना पाठवून दिलं. आजार सापडला, हे औषध, असं लिहून.

नुकसान काय ते दीड महिन्याने कळलं.

त्या लोकांचं उत्तर आलं. बायने ते आबांना मराठीत समजावून सांगितलं, मी भाकऱ्या थापत होते. ते म्हणत होते, ह्या थांबण्यामुळे सगळं काम सावकाश होतं. आमच्याकडे तर पेटी कधी मेलीच नाही. तुमच्याकडे मरत होती ना, मग हे कलम काढून टाका आणि परत मरताना दाखवा. तोवर तुमचं काम आम्ही घेणार नाही आणि ह्या टप्प्याचे पैसे थांबतील.

बायने कलम काढलं. पेटी मरेना. कशी मरणार? मेन वर होता.

दोन महिने ती रोज काढून बघायची, घालून बघायची. पेटी आपली जिवंत. पूर्वी पेटी मरायची म्हणून ती रडकुंडीला यायची, आता जगते म्हणून. एक जण तिकडून असंही लिहून गेला की कदाचित हे कधी घडलंच नसेल, तुमचा काहीतरी गैरसमज झाला असेल. ते वाचून ती जेवली नाही. म्हणाली, "बाबा, मी अडीच महिने रोज बघितलंय. रोज. मला काय वेड लागलं होतं का?"

आबा म्हणाले, "सोड मा ती पेटी. नदीत टाक."

"पेटी सोडून काय करू? हे काम गेलं तर दुसरं कोण देईल? त्या लोकांत नाव एकदा गेलं की गेलं. मग परत पुण्याला, ऑफिसात."

"जा तर पुण्याक. मी रांधून खातंय."

"तुम्हाला पेज सोडून काय येतं?"

माझी तव्यावरची भाकरी करपली.

मग मी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा मोठी, कारण ही मी समजून केली. मला वाटलं, तिला पेटी मरताना दाखवायची आहे, तर आपण एकदा मारावी. तिचं खरं ठरेल, पैसे सुटतील, आणि मला काही बोलावं लागणार नाही. दुसऱ्या दिवशी घरून निघताना मी मेन खाली ओढला, बॅटरीचं बटण दाबलं.

मी पोचून पदर खोचते आहे तोवर आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मी वाट बघत होते की ती ओरडेल, मेली म्हणून, आनंदाने. बऱ्याच वेळाने मी दारातून बघितलं. ती टेबलावर डोकं ठेवून बसली होती.

मला हे माहीत नव्हतं की त्या सकाळी तिने ते थांबण्याचं कलम घातलेलं होतं. म्हणजे औषध चालू असतानाच पेटी मेली. तिचं औषध औषधच नव्हतं, हे तिला माझ्या हाताने कळलं. दोन महिने ज्याच्यासाठी ती त्या लोकांशी भांडत होती, तेच खोटं निघालं.

आबांनी तिला तसं बघितलं आणि ते उठले. कोनाड्यातून नारळ काढला, अंगणात तुळशीसमोर ठेवला. आमच्याकडे काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि वाडीत गाऱ्हाणं घालायला आबांनाच बोलावतात. त्यांचा आवाज बोटीवर काम केलेल्या माणसाचा आहे, लांब जाणारा. बाय म्हणाली, "बाबा, पेटीसाठी कोणी गाऱ्हाणं घालतं का?" आबा म्हणाले, "बोटीच्या इंजिनाक घालतंत, मगे पेटीयेन काय घोडां मारलां? ये भायर. काकी, तू पण ये."

आम्ही दोघी हात जोडून उभ्या राहिलो. आबांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज माझ्या चेडवान ह्यो नारळ तुझ्याफुडे ठेवलो आसा. तिच्या कामात जी काय आडकाठी इली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्यानंतर उभ्या असलेल्या सगळ्यांनी होकार द्यायचा असतो. बाय म्हणाली, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं.

"ती रातदीस एक करून जां काय करता, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"नि तिच्या कामाक कोणाचो हात लागलो आसात, कोणाकडसून जाणतां-अजाणतां चूक झाली आसात, तर तेका बुद्धी दी, नि ती चूक भायर काढ रे म्हाराजा!"

बायने म्हटलं. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. ओठ हलवावेत असंही वाटलं, कोणाला कळलं नसतं. पण जमलं नाही. आबांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि परत मिटले. मग पुढचं वाक्य म्हटलं. नारळ फोडला. मी तो उचलून आत नेला आणि त्याचीच चटणी केली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पदराखाली घेतलं आणि साडेनऊलाच त्या घरी गेले. कॅलेंडरवर मी कामाला गेलेल्या दिवसांना खूण करते, पगाराच्या वेळी चुकू नये म्हणून. गेल्या वर्षाची पानंही मी फाडली नव्हती. बाय दात घासत होती. मी कॅलेंडर तिच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय, काकी?"

"खूण आसा त्या दिवशी मी मेन बंद केललंय," मी म्हटलं. "नवीन वर्ष लागल्यावर नाय केलंय. त्याच्या आधी रोज. नि काल."

ती तोंडातला फेस तसाच धरून माझ्याकडे बघत होती. मग मोरीत जाऊन चूळ भरून आली. कॉम्प्युटर उघडला. तिच्याकडे पेटी मेल्याच्या सगळ्या तारखा होत्या. एक बोट पडद्यावर, एक बोट माझ्या कॅलेंडरवर. पान उलटलं, परत दोन बोटं. मध्ये चार दिवस खूण नव्हती.

"हे चार दिवस?"

"ताप होतो माका."

"ह्या चार दिवसांत मी काम केलं होतं, आणि ती मेली नव्हती," ती हळू म्हणाली. "मला वाटलं फाईली लहान होत्या म्हणून."

सगळ्या तारखा जुळल्या. एकही चुकली नाही.

"काल का केलंस?"

"तुका दाखवूक मेळात म्हणान."

ती हसल्यासारखं करायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "काकी, पेटी मरते ह्याचं काही नाही. पेट्या मरतातच, त्याच्यासाठीच तर तीन ठेवल्यात. मी तुला विचारलं होतं. तू नाही म्हणालीस आणि मी काट मारली. त्यानंतर मी स्वतःलाच वेडी समजत होते. दोन महिने."

मी पदर खोचून चुलीकडे वळले.

"आज घरी जा," ती म्हणाली. "मी बोलवेन."

फाटकाशी आबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "त्या पेटीयेपरीस तू बरी गो. ती मरताना सुद्धा बोलूक नाय." त्यांना मला हसवायचं होतं. मी बांधावरून घरी आले ती रडतच आले.

आठ दिवस बोलावणं आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा मावसभाऊ येऊन पेटी आणि बॅटरी घेऊन गेला. आता ती तलाठ्याच्या ऑफिसाशेजारी कोणाच्या तरी घरी आहे. पेटी गेली त्या दिवशी मी बाजारात जाताना मेन खाली ओढला आणि मला हायसं वाटलं. तसं वाटल्याचीही लाज वाटली.

नवव्या दिवशी ती स्वतः आली. ओटीवर बसली, पाणी प्यायली. म्हणाली, त्या लोकांना सगळं लिहिलं. औषध मागे घेतलं, माझी चूक झाली असं कळवलं. तुझ्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. त्यांच्यातल्या एकाने लिहिलंय की अशी नोंद त्याने आजवर बघितली नाही. पण टप्प्याचे पैसे आता मिळणार नाहीत, थांबण्याचं कलम काढून सगळ्या तपासण्या पहिल्यापासून करायच्या आहेत. त्या पुऱ्या झाल्या की मग बघू म्हणाले.

"तुझां नाव गेलां काय गो?" मी विचारलं.

"थोडंसं," ती म्हणाली. खोटं बोलली नाही. "पण कसं झालं ते सांगता आलं, म्हणून थोडंसंच. उद्यापासून ये. बाबा रोज पेज घालतायत."

मी म्हटलं, "येतंय. पण ते सात हजार मी देतलंय."

सात महिने मी पेटीचे पैसे घेतले होते. ती म्हणाली, वेडी आहेस का, लाईट तर जळलीच ना. मग म्हणाली, बरं, खोटं बोलल्यानंतरच्या महिन्यांचे दे. मी म्हटलं, "पयल्या दिवसापासून बंद करी होतंय. दिवसरात्र चालू ठेवचे पैसे होते ते. मगे ठेवलंय तां खोटां लपवूक." पगारातून कापायला ती तयार नव्हती आणि मलाही ते नको होतं. पगार स्वयंपाकाचा, तो स्वयंपाक मी नीट केला होता.

पहिले आठशे मी ओल्या काजूंचे आणून तिच्या टेबलावर ठेवले. निघताना बघते तर ते माझ्या पिशवीत, भाजीच्या खाली. मी परत ठेवले. तिने परत घातले. तिसऱ्या वेळी आबा ओरडले, "घे गो एकदाचे! नायतर ही काकी रोज थयसून हयसर पैशे हाडीत रवात नि माझां जेवाण व्हवचां नाय." तेव्हा तिने घेतले.

मग मी थांबले नाही. काजू सोलून बोटांची सालं गेली, त्या आठशेसकट तेवीसशे झाले. आमच्या परड्यातल्या दोन रतांब्यांना, म्हणजे कोकमाच्या झाडांना, यंदा फळ चांगलं होतं, त्याला थोड्या विकतच्या फळांची जोड दिली, आमसुलं घातली, रसाचं आगळ काढलं. मालवणात पर्यटकांना विकणाऱ्या एका बाईने सगळं घेतलं, पैसे हप्त्याने दिले. नवऱ्याला मी खरं कारण सांगितलं. त्याने पुढच्या खेपेला येताना पाचशे जास्त आणून दिले. ते मी घेतले नाहीत. मुलीच्या खानावळीला पाठवले.

बाय दर वेळी पैसे न मोजता खणात टाकायची. मला ते टोचायचं. न मोजता घेतलेले पैसे म्हणजे दया केल्यासारखं वाटायचं. पण कसं सांगणार?

मिरग लागायच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी आमसुलांचे शेवटचे पैसे आले. एकोणीसशे. बाय काम करत होती, तिन्ही पेट्यांचे हिरवे ठिपके पडद्यावर होते. परदेशच्या लोकांनी अजून होय म्हटलेलं नाही, पण तपासण्या निम्म्यावर आल्या आहेत. मी पैसे पुढे केले आणि म्हटलं, "बाय, मोजून घे."

तिने माझ्याकडे बघितलं. खुर्ची वळवली, खणातले आधीचे सगळे पैसे काढले, माझे त्यात मिळवले आणि एकेक नोट टेबलावर ठेवत मोजायला लागली. पाचशेच्या वेगळ्या, शंभराच्या वेगळ्या. मध्ये एकदा चुकली आणि पहिल्यापासून मोजले. मी दाराला टेकून उभी होते.

"सात हजार," ती म्हणाली. "पुरे झाले, काकी."